खापरी कौलातला बाप

कोल्हापुरात वळीव येतो तेव्हा आधी धूळ उडते, मग वीज जाते आणि मग गारवा येतो. गेल्या मे महिन्यात असाच पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी माशांच्या टाकीतला थर्मामीटर पाहिला. टाकीतलं पाणी २९ अंशांवर होतं, बाल्कनीत रात्रभर ठेवलेल्या बादलीतलं २४ वर. टाकीतलं पाव पाणी काढलं आणि बादलीतलं पाणी बारीक नळीनं अर्धा तास हळूहळू सोडत बसलो. टाकीचं तापमान जेमतेम सव्वा अंशानं उतरलं. तिसऱ्या दिवसापासून ब्रिसलनोज नावाच्या माशाचा नर टाकीत ठेवलेल्या खापरी कौलातून बाहेर येईना. काकडीची चकती पुढ्यात टाकली तरी हलेना.

"आजारी पडलाय काय रे? खाईना झालाय की," आई म्हणाली.

आजारी नव्हता. टॉर्च तिरका धरून आत बघितलं, तर त्याच्या पोटाखाली केशरी मण्यांचा घोस होता.

ब्रिसलनोज मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा. शास्त्रीय नाव ॲन्सिस्ट्रस, आणि या गटात साठाहून अधिक जाती आहेत. आपल्या टाक्यांत असतो तो दहा-बारा सेंटिमीटरवर थांबतो. दुकानात मात्र याला नुसतं 'सकर' म्हणून देतात आणि तिथंच घोटाळा होतो, कारण त्याच नावानं विकला जाणारा दुसरा मासा दीड फुटापर्यंत वाढतो. पिल्लं असताना दोघे सारखेच दिसतात. घेताना पाठीवरच्या पराचे किरण, म्हणजे पर ताणून धरणाऱ्या काड्या, मोजा. सात-आठ भरले तर ब्रिसलनोज, दहा-बारा भरले तर तो दुसरा, ज्याला दोन-तीन वर्षांनी ठेवायला घरात जागा उरणार नाही.

नर-मादी ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. मासा पाच-सहा सेंटिमीटरचा झाला की नराच्या नाकाडावर मऊ मांसल फांद्या फुटायला लागतात. पुढं त्या एवढ्या वाढतात की चेहऱ्यावर झुडूप उगवल्यासारखं दिसतं. मादीला ओठाच्या कडेला आखूड केस असतात किंवा तेवढेही नसतात. या फांद्या कशासाठी, हे कोडं मला स्वतःला फार आवडतं. १९९९ साली मार्क सबाज, जोनाथन आर्मब्रस्टर आणि लॉरेन्स पेज या मत्स्यशास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली. अनेक माशांमध्ये मादीला असा नर पसंत पडतो, जो आधीपासूनच अंडी-पिल्लं सांभाळतो आहे. ज्याच्याकडे पिल्लं टिकली, तो सांभाळणारा असणार, असा तिचा हिशोब. मग ज्याच्याकडे पिल्लं नाहीत, त्याच्या नाकावरच पिल्लांसारखं वळवळणारं काही असलं तर? अंधाऱ्या बिळाच्या तोंडाशी त्या फांद्या हलताना बघितल्या की ही कल्पना पटायला लागते. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू आणि नाकावरची एक फांदी, दोन्हींची जाडी-लांबी आसपासच असते. ही अजून एक शक्यता म्हणूनच धरायची, पण बिळाबाहेर रात्री टॉर्च घेऊन बसणाऱ्याला ती विसरता येत नाही.

बिळाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं तिथंच ठरतं. हा मासा उघड्यावर अंडी घालत नाही. नराला त्याच्या अंगाला घट्ट बसेल असं, एकाच बाजूनं उघडं, अंधारं भुयार लागतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर आणि तोंड चार-पाच सेंटिमीटर. जागा फार ऐसपैस झाली तर मादी आत नीट अडवून धरता येत नाही, आणि अंड्यांवरून पाणीही नीट खेळत नाही. बाजारात यासाठी सिरॅमिकच्या नळ्या मिळतात. मी गगनबावड्याकडच्या आमच्या आजोळच्या पडक्या घराची खापरी कौलं आणली, ती जुनी अर्धगोल, एकीकडे निमुळती होणारी. दोन कौलं तोंडाला तोंड लावून बांधली की आपोआप नळी तयार होते. निमुळत्या बाजूला सपाट दगड लावून ती बंद केली. भाजलेली माती खरखरीत असते, त्यामुळं अंडी आणि पुढं पिल्लं घट्ट चिकटून राहतात. आधी कौलं तासभर उकळून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवली होती. संक्रांतीचं सुगड आडवं ठेवलं तरी चालतं, फक्त त्याला रंग लावलेला नसावा.

नर हे भुयार तोंडानं घासून लख्ख करतो. मादी आत गेली की तो दारात आडवा होऊन तिला अडवतो, कधी रात्रभर. ती अंडी घालून निघून जाते आणि तिचं काम तिथं संपतं. ३० पासून १०० पर्यंत अंडी, क्वचित त्याहून जास्त, एकमेकांना चिकटलेली. त्यानंतरचं सगळं बापाकडं. छातीच्या परांनी आणि शेपटीनं तो अंड्यांवरून सतत पाणी ढकलत राहतो, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजा प्राणवायू मिळतो. फळलं नाही ते अंडं पांढरं पडून त्याला बुरशी धरते, आणि बुरशी शेजारच्या अंड्यावर चढण्याआधी नर ते तोंडानं काढून टाकतो. या दिवसांत तो जवळजवळ उपाशीच असतो. त्याला बाहेर काढून खायला घालायचा मोह आवरा. घाबरला तर तो अंडी सोडून देतो.

आता त्या बादलीतल्या गार पाण्याचं. या माशांच्या मूळ मुलखात पावसाळा सुरू झाला की ओढ्यांना नवं, किंचित थंड, क्षार कमी असलेलं पाणी येतं आणि त्यामागून पिल्लांसाठी खाणं येतं. विणीसाठी माशाचं शरीर याच खुणेची वाट बघत असतं. उन्हाळ्यात तापलेलं पाणी आणि त्यात दोन-तीन दिवस थोडं थोडं मिसळलेलं गार पाणी, एवढ्यानं बऱ्याच जोड्या विणीला येतात. आपला वळीव हे काम फुकटात करून देतो. एका दमात पाच-सहा अंशांचा झटका मात्र कधीच देऊ नका.

२६-२७ अंशांच्या पाण्यात पाचेक दिवसांत अंडी फुटतात. पाणी गार असेल तर आठ-दहा दिवसही लागतात. बाहेर येतं ते मासा म्हणायच्या लायकीचं नसतं. एक मोठा केशरी गोळा, त्याला दोन डोळे आणि एक वळवळती शेपटी. तो गोळा म्हणजे बलकाची पिशवी, पिल्लाची शिदोरी. पण चोखणीसारखं तोंड मात्र जन्मतः तयार असतं. पिल्लू त्या तोंडानं कौलाच्या भिंतीला चिकटून राहतं आणि पुढचा आठवडाभर शिदोरीवर जगतं. बाप दारातच असतो.

शिदोरी संपली की पिल्लं एकेक करून बाहेर पडतात, आणि त्या दिवशी बापाची जबाबदारी संपून आपली सुरू होते. लोक मला म्हणतात, "अंडी घातली म्हणजे झालं की." माझ्या मते खरं काम इथून पुढं आहे. सेंटिमीटरभराची ही पिल्लं काचेवर, लाकडावर दिवसभर तोंड घासत असतात. बघणाऱ्याला वाटतं, शेवाळ खाऊन पोट भरतंय. पण घासून घासून लख्ख झालेल्या टाकीत त्यांना काहीच मिळत नसतं. पोट आत गेलेलं, डोकं मोठं दिसणारं पिल्लू उपाशी समजावं. पोट गोल आणि हिरवट-करडं दिसायला पाहिजे. पिल्लू काचेला चिकटलं की ते समोरूनच बघता येतं, रोज बघा.

मी त्यांना पहिल्या आठवड्यात पालकाची पानं देतो, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ केलेली. मग काकडी, दोडका, साल काढलेला वाटाणा, आणि दोन दिवसांआड स्पिरुलिना या वाळवलेल्या शेवाळाची गोळी. भाजी कपिलतीर्थ मंडईतून आणली तरी तीन पाण्यांत धुतल्याशिवाय टाकीत टाकत नाही, कारण फवारणीचा अंश एवढ्याशा जिवाला पुरेसा होतो. देशी बदामाची वाळलेली पानंही टाकीत ठेवतो. ती कुजताना त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो आणि पिल्लं तोच चरत बसतात. शेवटी पानाच्या शिरांची जाळी उरते. ड्रिफ्टवूडचा, म्हणजे पाण्यात मुरलेल्या लाकडाचा तुकडाही हवाच. लाकूड खाऊन मासा जगतो असा समज आहे, पण लाकूड कुरतडणाऱ्या यांच्या नातलगांचं पोट तपासून डोनोव्हन जर्मन या संशोधकानं २००९ मध्ये दाखवलं की त्यांना लाकूड पचत नाही. पोषण मिळतं ते लाकडावरच्या थरातून.

भाजी देताना हात आखडता ठेवावा, असं सांगणं सोपं. पिल्लांना सारखं खायला लागतं आणि उरलेलं खाणं पाणी नासवतं, या दोन्हींत आपण सापडतो. उरलेल्या भाजीतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग त्या मानानं निरुपद्रवी नायट्रेट. हे जिवाणू रुजायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून पिल्लांच्या टाकीत नवा कोरा स्पंज लावू नये. जुन्या टाकीत मुरलेला लावावा, आणि तो नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणाऱ्या पीएच आकड्याची. २५ अंशांना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. बोअरचं जड, चढ्या सामूचं पाणी वापरणाऱ्यांची पिल्लं तेवढ्याच घाणीत आधी का दगावतात, त्याचं हे एक कारण आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत पाणी साधारण ५० लिटर बसतं. त्यातलं आठ-दहा लिटर मी एक दिवसाआड बदलतो. रात्रीची भाजी सकाळी काढतोच काढतो.

आमची पहिली खेप मात्र गेली. ६० पिल्लं होती. नीट खाता यावं म्हणून ती सगळी टाकीतच लटकवलेल्या छोट्या जाळीच्या पेटीत ठेवली होती. वळवाच्या एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही. हवेचा पंप बंद, पाणी ३० अंशांवर. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागं ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, त्यामुळं आणखी थोडी घट. त्यात पेटीतलं पाणी हलत नव्हतं. सकाळी फक्त सातच पिल्लं जिवंत होती.

त्याच रात्री, त्याच टाकीत, आई-बाप मात्र वाचले. मेणबत्तीच्या उजेडात मी त्यांना मिनिटा-दोन मिनिटांनी सुसाट वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड मारताना पाहिलं. हा मासा हवेचा घोट गिळतो आणि त्यातला प्राणवायू चक्क जठरातून रक्तात घेतो. एरवी तो कल्ल्यांनीच श्वास घेतो, पाण्यानं दगा दिला तरच हवेकडं वळतो. दिवसाढवळ्या तुमचा ब्रिसलनोज असा वरखाली करायला लागला, तर तो खेळत नाही. लगेच पाणी हलवा, थोडं बदला. त्या रात्रीपासून बॅटरीवर चालणारा छोटा पंप मी टाकीशेजारीच ठेवतो, आणि पिल्लांना पेटीऐवजी वेगळी, पसरट टाकी देतो.

मोठ्या माशाला जाळीनं पकडायचं टाळा. त्याच्या गालांशी उघड-मीट होणाऱ्या काट्यांचा झुपका असतो. ते काटे रचनेनं दातांसारखे असतात, आत गर आणि वर डेंटिन, म्हणजे दात ज्याचा बनतो तो टणक पदार्थ. घाबरला की तो ते फुलवतो, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा पुढं धरून त्यात हाकलावा. डब्यात उजेडात आला की त्याचा डोळा जवळून बघून घ्या. याला पापणी नाही. बुबुळाच्या वरच्या कडेचा एक पडदा खाली उतरतो आणि बाहुली नालेसारखी दिसायला लागते. अंधारात तो पडदा पुन्हा वर जातो.

दोन-अडीच महिन्यांत पिल्लं इंचभराची होतात आणि वाटायला काढता येतात. एक जोडी वर्षात अनेकदा विणते, तेव्हा घेणारे आधी ठरवून ठेवा. दोन खेपा झाल्या की मी कौल काढून घेतो. त्याच घरातली भावंडं पुन्हा जोडीला लावत नाही, दुसऱ्याच्या टाकीतला नर बदलून आणतो.

"जास्त झाली तर रंकाळ्यात सोड की, जगतील," असं सांगणारे भेटतात. त्यांच्या मनात दयाच असते, पण मी ऐकत नाही. तो दुसरा, मोठा सकर असाच कुणाच्या तरी टाकीतून सुटून आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत वाढतो आहे. काठात बिळं करतो, आपल्या माशांचं खाणं पळवतो आणि काटेरी अंगानं मच्छीमारांची जाळी फाडतो. रंकाळा असो की पंचगंगा, टाकीतला मासा तिथं जाता कामा नये, मग तो कितीही लहान असो. घरच मिळालं नाही तर दुकानदाराला फुकट परत द्यावा.

या वेळच्या खेपेतली ४३ पिल्लं जगली. शेवटची अकरा परवा एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या टाकीसाठी दिली. पिशव्या भरून होईपर्यंत नर कौलाच्या तोंडाशी येऊन आतली भिंत घासायला लागला होता. रात्री बाल्कनीत बादली भरून ठेवली.