लॅपटॉपमध्ये सिम घातलं म्हणून त्याचा फोन होत नाही

दहा-अकरा इंची हलका लॅपटॉप, कडेला सिमचा कप्पा, आत चालू सिम. मग वेगळा मोबाईल कशाला? प्रश्न रास्त आहे, पण घोळही इथेच होतो. सिम म्हणजे नेटवर्कला दाखवायचं ओळखपत्र. त्यावर काय काय करता येईल, हे ते ज्या यंत्रात बसवलंय त्याचं मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) आणि सॉफ्टवेअर ठरवतं. फोनमध्ये त्याच सिमवर कॉल, एसएमएस आणि डेटा तिन्ही चालतात. लॅपटॉपमध्ये ते जवळजवळ फक्त डेटाचा नळ असतं.

आधी कॉलचं पाहू. 4जीवर आवाजही डेटासारखाच जातो, पण त्यासाठी यंत्राला ऑपरेटरच्या व्होल्टी (4जीवरून कॉल नेणाऱ्या) यंत्रणेत वेगळी नोंदणी करावी लागते. फोन चालू होताच हे आपोआप होतं. लॅपटॉपच्या आतल्या मोडेम कार्डात बहुधा ही सोय नसते, कार्डापासून स्पीकर-माइकपर्यंत आवाजाचा मार्गच जोडलेला नसतो आणि विंडोजमध्ये सिमवरून नंबर फिरवायला डायलरही नसतो. यूएसबीत खोचायच्या जुन्या 3जी मोडेमांपैकी, म्हणजे डोंगलांपैकी, काहींवर कॉल लागत, ती आठवण अजून लोकांच्या डोक्यात आहे. पण जिओकडे 2जी-3जी मुळातच नाही, त्यामुळे तिथे ती पळवाटही नाही. व्हॉट्सॲप किंवा झूमचा कॉल लॅपटॉपवर उत्तम लागतो. 112 मात्र लागत नाही, आणि आजीने लँडलाइनवरून तुमचा नंबर फिरवला तर इकडे काहीच वाजत नाही.

‘माझ्या लॅपटॉपवर तर कॉल येतात’ असं कुणी म्हणालं तर तो बहुधा फोन लिंक, म्हणजे फोन लॅपटॉपशी जोडणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप, वापरत असतो. त्यात कॉल येतो फोनवरच. लॅपटॉप ब्लूटूथने त्याचा फक्त कान आणि तोंड होतो. फोन घरी विसरलात की खेळ संपला.

खरी अडचण ओटीपीची. डेटासाठी लॅपटॉपमध्ये घातलेल्या सिमवरही एसएमएस येऊ शकतो, पण तो दाखवणारं काही हाताशी नसतं. डोंगलसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये इनबॉक्स असायचा. लिनक्सवर मोडेममॅनेजर नावाच्या प्रोग्राममधून मेसेज वाचता येतात. विंडोजवर ही गोष्ट कार्ड आणि उत्पादकाच्या सॉफ्टवेअरवर सोडलेली आहे. म्हणून बँक आणि आधारला जोडलेला नंबर लॅपटॉपमध्ये घालू नये.

यूपीआयचं तर त्याहून सरळ आहे. ॲप सुरुवातीला त्याच फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि नंबर, सिम, यंत्र यांची गाठ मारतं. लॅपटॉपवर ही गाठ बसत नाही. विंडोजवर अँड्रॉइड ॲप चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय मार्च 2025 मध्ये बंद झाली आणि एम्युलेटर (संगणकावर फोनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर) दिसला की बँकेची बरीच ॲपं दार लावून घेतात. व्हॉट्सॲपचं खातंही आधी फोनवरच उघडावं लागतं. त्याला चार यंत्रं जोडता येतात, पण फोन 14 दिवस वापरला नाही तर ती बाहेर पडतात. शिवाय दूरसंचार विभागाच्या नोव्हेंबर 2025 च्या आदेशात वेब आवृत्ती सहा तासांच्या आत लॉगआउट व्हावी असं म्हटलं आहे.

बॅटरीचा हिशेब फसवा असतो. फोनची 5000 एमएएच बॅटरी म्हणजे सुमारे 19 वॉट-तास, लहान लॅपटॉपची साधारण 40. आकडा दुप्पट, तरी खिशात गप्प पडून मेसेजची वाट पाहण्यात फोनच पुढे, कारण त्याचं सगळं डिझाइन त्यासाठीच असतं. झोपेत (स्लीप मोडमध्ये) अर्धा वॉट खाणारा लॅपटॉप 80 तासांत रिकामा होतो. झाकण मिटल्यावर तो जागा राहतो का, हे झोपेच्या प्रकारावर आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, मग तिरकी रेघ आणि ‘ए’ इंग्रजीत टाइप करा. झोपेच्या प्रकारांची यादी येते. त्यात एस3 उपलब्ध दिसलं तर झाकण मिटताच नेट तुटेल. एस0 दिसलं तर तो जोडलेला राहू शकतो, पण मग बॅगेत तापूही शकतो.

एवढं समजून सिमवाला लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर नुसता कप्पा पाहून भुलू नका. अनेक मॉडेलांत एकच साचा वापरतात, त्यामुळे कप्पा असतो पण आत कार्ड नसतं. कधी अँटेनाच्या ताराही नसतात. कार्ड नंतर घालता येतं (एम.2 प्रकारचं, बहुतेकदा 30 बाय 42 मिलिमीटर), तारा नसतील तर तेही व्यर्थ. काही लॅपटॉपांचं बायोस (विंडोजच्या आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अनोळखी कार्ड पाहून सुरूच होत नाही. दुकानात नेटवर्क सेटिंगमध्ये ‘सेल्युलर’ असा पर्याय दिसतो का, ते पाहा. जुन्या मोठ्या कप्प्यात नॅनो सिम अडॅप्टर लावून घालताय? रिकामा अडॅप्टर आत सरकवू नका, बाहेर काढताना कप्प्याच्या पिना त्यात अडकून मोडतात.

मग हॉटस्पॉट बरा की लॅपटॉपमधलं सिम? रोज चार-पाच तास बाहेर काम असेल तर सिम, कारण फोनची बॅटरी वाचते. कधीमधी असेल तर हॉटस्पॉट. फक्त त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर विंडोज त्याला घरचं वाय-फाय समजून अपडेट उतरवतं आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारपर्यंत संपतो. सेल्युलर जोडणीला ते बहुतेकदा आपोआप मीटर्ड धरतं.

स्मार्टफोन टाळायचाच असेल, तर मूळ नंबर बटणांच्या साध्या फोनमध्ये ठेवा आणि लॅपटॉपला वेगळं डेटा सिम द्या. कॉल, 112 आणि ओटीपी साध्या फोनवर येतात, त्याची बॅटरी काही दिवस टिकते. त्यावर यूपीआय 123पे, म्हणजे साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय, चालते, एका व्यवहाराला 10,000 रुपयांपर्यंत. दुकानातला क्यूआर मात्र बहुतेक साध्या फोनांवर स्कॅन होत नाही, तेवढ्यासाठी खिशात रोख ठेवा.