सोसायटीतल्या तळ्याचा खर्च कोणी करायचा? नियम, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

गणेश विसर्जनासाठी नाशिक महापालिका जे कृत्रिम तलाव उभारते, त्यांचा खर्च महापालिकाच करते. वाद होतात ते ब्रोशरमध्ये दाखवून बिल्डरने बांधलेल्या शोभेच्या तळ्यांवरून. पंप जळाला, पाणी हिरवं झालं, टँकरचं बिल आलं की सोसायटी बिल्डरकडे बोट दाखवते, बिल्डर सोसायटीकडे, आणि दोघं मिळून महापालिकेकडे.

भांडण्याआधी एकच गोष्ट तपासा: तळ्याखालची जमीन कोणाच्या नावावर आहे. त्यासाठी मंजूर लेआउटचा नकाशा आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागतं. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या लेआउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते आणि तळं बहुधा तिथेच असतं. ‘ओपन स्पेस म्हणजे महापालिकेची जागा’ हा समज सर्रास आढळतो, पण ती त्या लेआउटमधल्या मालकांची सामाईक जागा असते. कागदावर महापालिकेचं नाव असेल, तरच आपल्या विभागीय कार्यालयात उद्यान विभागाच्या नावे अर्ज द्या. नकाशा मिळत नसेल तर नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस.

सोसायटीने देखभाल हाती घेईपर्यंत तळ्यासह सामाईक सोयी चालू ठेवणं रेरा कायद्याच्या (बिल्डर आणि घरखरेदीदारांच्या व्यवहाराचा केंद्रीय कायदा) कलम 11 नुसार बिल्डरचं काम आहे, मात्र त्यासाठी तो वाजवी शुल्क घेऊ शकतो. ताबा देताना आगाऊ मेंटेनन्स घेतला असेल तर आधी त्याचा लेखी हिशोब मागा. बांधकामातला दोष ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत कळवला, तर कलम 14(3) प्रमाणे बिल्डरने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. पंप, फिल्टर, दिवे यांची कंपनीची गॅरंटी वेगळी, तिची कार्डं हस्तांतरात मागून घ्या.

बहुतेक तक्रारी पुराव्यावाचून अडतात. ‘तळं गळतं’ म्हटलं की बिल्डर ‘ऊन आहे, पाणी उडतं’ म्हणतो, आणि ते अगदीच खोटं नसतं. एप्रिल-मेमध्ये दिवसाला साधारण 8 ते 10 मिलिमीटर पाणी उडतं. 200 चौरस मीटरच्या तळ्यातून ते रोजचं 1,600 ते 2,000 लिटर होतं, म्हणजे 10,000 लिटरचा टँकर पाच-सहा दिवसांत संपतो. म्हणून बादलीची चाचणी करा. तळ्याच्याच पाण्याने बादली भरून तळ्यातल्या पायरीवर ठेवा, बादलीतल्या आणि तळ्यातल्या पातळीवर खूण करा, पंप आणि पाण्याची आवक बंद ठेवा, 24 तासांनी दोन्ही मोजा. तळ्याची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर जास्तीची घट ही गळती. तीन दिवस तारखेसह फोटो काढा. काँक्रीटच्या तळ्यात गळती बहुधा पाइप भिंतीतून जातो तिथे सापडते. शेततळ्याचा कागद (जाड प्लास्टिकचं अस्तर) अंथरलेला असेल तर पाण्याबाहेर उन्हात राहिलेली कड तडकते किंवा झाडांची मुळं कागदात घुसतात.

या फोटोंसह बिल्डरला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. 30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराच्या, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, शुल्क 5,000 रुपये. फ्लॅटधारक एकटाही करू शकतो, सोसायटीही. करारनामा, इंडेक्स 2 (दस्तनोंदणीचा उतारा), ताबापत्र, ब्रोशर, पत्राची पोच आणि फोटो जोडा. सोसायटीच्या वतीने असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि तक्रारीचा ठरावही हवा.

पाच वर्षं उलटली आणि देखभाल सोसायटीकडे आली, की पुढचा खर्च सभासदांचा. गृहनिर्माण संस्थेत माळी, वीज, सफाई हे सेवा शुल्कात येतं आणि ते सर्व फ्लॅटना सारखं. वन बीएचकेवाल्याला कितीही खटकलं तरी. कागद बदलणं, भिंत दुरुस्ती यांचा खर्च दुरुस्ती निधीतून, ज्यात आदर्श उपविधीनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के जमा व्हायला हवेत. कमिटीच्या खर्चमर्यादेपलीकडचं काम असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो; विशेष सभेसाठी 5 पूर्ण दिवसांची नोटीस द्या. थकबाकीदाराविरुद्ध सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे सहकारी संस्था कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्याचा अर्ज करता येतो. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत मात्र वाटणी डिक्लेरेशनमधल्या (इमारतीच्या नोंदवलेल्या घोषणापत्रातल्या) टक्केवारीने होते. ‘मी तळ्याकडे फिरकत नाही’ हे कारण तिथे चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय.

सगळ्यात अवघड गत बंगल्यांच्या लेआउटची. नोंदणीकृत संस्था नसेल तर तळ्यासाठी वर्गणी काढता येते, पण न देणाऱ्याकडून कलम 154ब-29 खाली वसूल करता येत नाही. तिथे आधी प्लॉटधारकांची संस्था नोंदवा, तळ्याचा ठराव नंतर.

कंटाळून तळं बुजवून पार्किंग करायचा विचार असेल तर थांबा. मंजूर ओपन स्पेस मोकळीच ठेवावी लागते. पाणी काढून तिथे बाग करायची असली, तरी आधी सभेचा ठराव करा आणि नगररचना विभागाला लेखी विचारा. निर्णय होईपर्यंत पंप रोज चालवा आणि गप्पी मासे सोडा, कारण साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर मलेरिया विभागाची नोटीस तळं ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याच नावे निघते.