कायदा गेला, दाखला राहिला: अमेरिकी सैन्यातील समलिंगी सैनिकांच्या सेवामुक्ती नोंदींची पार्श्वभूमी

‘विचारू नका, सांगू नका’ या नावाने ओळखला जाणारा, समलिंगी असल्याचे उघड झालेल्या सैनिकाला काढून टाकणारा अमेरिकी कायदा २० सप्टेंबर २०११ रोजी संपुष्टात आला, तेव्हा सेवेत असलेल्या समलिंगी सैनिकांच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली. मात्र त्या कायद्याखाली, किंवा त्याआधीच्या अधिक कठोर नियमांखाली, ज्यांना आधीच घरी पाठवण्यात आले होते त्यांच्या कागदपत्रांत त्या दिवशी एक अक्षरही बदलले नाही. सैन्य सोडणाऱ्या प्रत्येकाला तेथे ‘डीडी २१४’ हा दाखला मिळतो. सेवेचा दर्जा, सेवामुक्तीचे कारण, त्या कारणाचा सांकेतिक क्रमांक आणि पुन्हा भरती होता येईल की नाही हे सांगणारा संकेत, अशा चार नोंदी त्यावर असतात. गृहकर्ज, शिक्षणाची मदत, सरकारी नोकरीतील प्राधान्य, राष्ट्रीय दफनभूमीतील जागा, या सगळ्यांसाठी हाच कागद दाखवावा लागतो, आणि खासगी नोकरी देणारेही तो मागतात. त्यामुळे दर्जाच्या रकान्यात ‘सन्माननीय’ असे लिहिलेले असूनही कारणाच्या रकान्यात ‘समलैंगिकतेची कबुली’ असे छापलेले असेल, तर त्या माणसाला प्रत्येक अर्जासोबत आपले खासगी आयुष्य अनोळखी कारकुनापुढे उघडे करावे लागत असे.

या नोंदींचा पूर्वेतिहास दुसऱ्या महायुद्धापर्यंत आणि त्याही मागे जातो. १९१६ पासून सैन्यात निळ्या कागदावर छापली जाणारी ‘निळी सेवामुक्ती’ हा प्रकार होता. ती सन्माननीयही नव्हती आणि अपमानास्पदही नव्हती. महायुद्धाच्या काळात समलिंगी असल्याच्या संशयावरून काढलेल्यांना ती मोठ्या प्रमाणावर देण्यात आली, आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला ती सैन्यातील त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी अधिक आली. १९४४ च्या माजी सैनिक कल्याण कायद्याने केवळ अपमानास्पद बडतर्फी झालेल्यांनाच लाभांतून वगळले होते, तरीही अंमलबजावणी करणाऱ्या खात्याने समलैंगिकतेच्या कारणाने निळा कागद मिळालेल्यांना लाभ नाकारले. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने १९४५ मध्ये त्याविरुद्ध मोहीम उघडली, प्रतिनिधिगृहाच्या समितीने चौकशी केली आणि १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी जे वर्ग आले त्यांतील ‘अनिष्ट’ या वर्गात समलिंगी सैनिकांची रवानगी पुढेही होत राहिली. आज चालू असलेली दुरुस्तीची यंत्रणाही याच वर्षांतली आहे: सेवामुक्तीचे पुनर्विलोकन करणारी मंडळे १९४४ च्या कायद्याने आली, तर लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळे १९४६ च्या कायद्याने.

जानेवारी १९८१ मध्ये संरक्षण खात्याने ‘समलैंगिकता लष्करी सेवेशी विसंगत आहे’ असे निर्देशपत्रात लिहूनच टाकले आणि सेवामुक्ती जवळजवळ अनिवार्य केली. या निर्देशपत्रातील एका तरतुदीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, वास्तविक पुढच्या चाळीस वर्षांचा गुंता तिच्यातूनच निर्माण झाला. केवळ समलिंगी असण्यावरून दर्जा खालावू नये, परंतु कृत्य ‘गंभीर परिस्थितीत’ घडले असेल तर ‘सन्माननीयेतर’ दर्जा देता येईल, असे तीत म्हटले होते. त्या परिस्थितींच्या यादीत बळजबरी आणि अल्पवयीनांशी संबंध हे उघडच गुन्हे होते, ते तेथे असणे योग्यच होते. त्यांच्याच रांगेत मात्र लष्करी जहाजावर किंवा विमानात घडलेले कृत्यही बसवले होते. नौसैनिकाचे सहा-सहा महिने जहाजावरच जातात. दोन प्रौढांनी परस्परसंमतीने ठेवलेला संबंध केवळ त्या जागेमुळे बळजबरीच्या शेजारी नोंदवला जाई. शिवाय भरतीच्या वेळी ‘तुम्ही समलिंगी आहात का’ असा प्रश्न विचारला जात असे, आणि त्याला नकारार्थी उत्तर दिलेल्यांवर नंतर खोटी माहिती देऊन भरती झाल्याचा ठपकाही ठेवता येत असे.

१९९३ मध्ये भरतीच्या वेळी तो प्रश्न विचारणे थांबले, पण ३० नोव्हेंबर १९९३ रोजी स्वाक्षरी झालेल्या ‘विचारू नका, सांगू नका’ कायद्याने, सैनिकाने स्वतः सांगितले किंवा त्याचे संबंध उघडकीस आले तर त्याला काढण्याची सक्ती कायम ठेवली. फेब्रुवारी १९९४ ते सप्टेंबर २०११ या काळात सुमारे साडेतेरा हजार जण या कायद्याखाली सैन्यातून गेले. सक्तीने काढल्यावर मिळणारी भरपाईही त्यांना निम्मीच दिली जाई. त्याविरुद्धच्या दाव्यात जानेवारी २०१३ मध्ये तडजोड होऊन १८१ जणांना मिळून सुमारे २४ लाख डॉलर मिळाले, आणि तेही १० नोव्हेंबर २००४ नंतर बाहेर पडलेल्यांनाच.

कायदा संपला त्याच दिवशी, २० सप्टेंबर २०११ रोजी, संरक्षण खात्याच्या मनुष्यबळ विभागाच्या उपसचिवांनी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांसाठी मार्गदर्शक पत्र काढले. त्याची एक बाजू उदार होती. अर्जदाराच्या दाखल्यावरील कारण बदलून ‘सचिवांच्या अधिकारात’ असे तटस्थ कारण लिहावे, दर्जा सन्माननीय करावा आणि पुनर्भरतीचा संकेत अनुकूल करावा, असे त्यात सांगितले होते, आणि १९९३ पूर्वीच्या तशाच धोरणांखाली काढलेल्यांनाही त्याचा लाभ दिला होता. मात्र दोन अटी होत्या: सेवामुक्ती ‘केवळ’ त्या धोरणावर आधारलेली असावी, आणि नोंदीत गैरवर्तनासारखी कोणतीही गंभीर बाब नसावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रद्द झालेल्या कायद्याखाली झालेली सेवामुक्ती ही त्या एका कारणाने चूक किंवा अन्याय मानली जाऊ नये, कारण त्या काळी तोच देशाचा कायदा होता, अशी भूमिका पत्रात घेतली होती. म्हणून सरसकट, आपणहून दुरुस्ती करण्याचा प्रश्नच उरला नाही आणि प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करावा असे ठरले.

या भूमिकेच्या बाजूने बोलण्यासारखे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. संसदेने केलेला कायदा त्या वेळी वैध होता, न्यायालयांनी त्याखालच्या कारवाया अनेकदा उचलून धरल्या होत्या, आणि हजारो फायली मागे जाऊन उघडायच्या तर त्यांतील खरी गैरवर्तने वेगळी काढणे भाग होते. तरीही या निर्णयाचे खरे परिणाम पाहिले तर तो अन्यायाची जबाबदारी अन्याय झालेल्याच्याच अंगावर टाकणारा होता, असे स्पष्टपणे म्हणावे लागते. कोणाला कोणत्या कारणाने काढले याची सांकेतिक यादी खात्याकडेच होती; ती वापरून निदान निव्वळ ‘कबुली’च्या प्रकरणांतील कारणाचा रकाना बदलता आला असता. ‘गंभीर बाब’ कशाला म्हणायचे, याचे मापही अनेक प्रकरणांत त्याच रद्द झालेल्या धोरणाने घालून दिलेले होते. जहाजावरील संबंधाची नोंद ही १९८१ च्या निर्देशपत्रानुसार गंभीर ठरली होती, आणि २०११ नंतर तीच नोंद दुरुस्ती नाकारण्याचा आधार होऊ शकत होती. माजी सैनिकांच्या लाभांचे खाते तर ‘गंभीर परिस्थितीतील समलैंगिक कृत्य’ हा लाभ नाकारण्याचा आधार जून २०२४ पर्यंत आपल्या नियमांत बाळगून होते.

अर्जाची वाटही सोपी नव्हती. पुनर्विलोकन मंडळाकडे सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांच्या आतच जाता येते, म्हणजे २०११ मध्ये जो अर्ज करणार त्याची सेवामुक्ती १९९६ च्या आधीची असेल तर ते दार बंदच होते. नोंददुरुस्ती मंडळाकडे जायचे तर चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. न्यायाच्या हितासाठी ती माफ करता येते, परंतु तशी माफी मिळावी म्हणून कारणे अर्जदारालाच द्यावी लागतात. जुनी फाइल मिळवणे हे आणखी एक काम. सेंट लुईस येथील राष्ट्रीय कर्मचारी नोंदी केंद्राला १२ जुलै १९७३ रोजी लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ऐंशी टक्के फायली नष्ट झाल्या. आपल्याला ‘केवळ’ समलिंगी असल्यामुळे काढले हे सिद्ध करण्यासाठी लागणारी फाइलच त्यामुळे अनेक वृद्धांच्या बाबतीत शिल्लक नव्हती. ज्यांची होती, त्यांच्यापैकी पुष्कळांना तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे चौकशीचे जबाब पुन्हा वाचून, वकिलाच्या मदतीने त्यांचा प्रतिवाद लिहावा लागत असे.

भूमिका पुढे हळूहळू सैल झाली. जुलै २०१८ च्या मार्गदर्शक पत्राने, आजच्या धोरणानुसार त्याच सैनिकाला अधिक अनुकूल निर्णय मिळाला असता तर धोरणातील बदल हाही दुरुस्तीचा आधार होऊ शकतो, असे मान्य केले. सर्व प्रकारच्या अर्जांना लागू असलेले हे वाक्य सात वर्षे आधी लिहिले गेले असते, तर अनेकांचे अर्ज वेगळ्या नजरेने वाचले गेले असते. २०२३ मध्ये एका वृत्तवाहिनीने मिळवलेल्या सरकारी आकडेवारीतून १९८० ते २०११ या काळात लैंगिकतेच्या कारणाने बाहेर काढलेल्यांची संख्या पस्तीस हजारांच्या वर असल्याचे, आणि तोपर्यंत जेमतेम चौदाशे जणांना दुरुस्ती मिळाल्याचे समोर आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माजी सैनिकांनी कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला, आणि सप्टेंबरमध्ये संरक्षण खात्याने आपणहून फायली तपासण्याचे जाहीर केले. २०११ मध्ये जे गरजेचे नाही असे म्हटले गेले होते, तेच हे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये खात्याने निष्कर्ष जाहीर केले: ८५१ फायली तपासल्या आणि त्यांतील आठशेहून अधिक जणांचा दर्जा वाढवला. म्हणजे अर्जाची वाट न पाहता काम करता येत होते, आणि ते साधारण वर्षभरात झाले.

या तपासणीची मर्यादाही तितकीच ठळक आहे. ती १९९४ ते २०११ मधील प्रकरणांपुरती होती, त्याआधीच्यांना अर्जच करावा लागतो. आणि दर्जा आधीपासून सन्माननीय असलेल्यांच्या कारणाच्या रकान्याला तिने हात लावला नाही. हा दुसरा प्रश्न त्या सामूहिक दाव्यात २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या आणि न्यायालयाने त्याच वर्षी मंजूर केलेल्या तडजोडीत घेतला गेला: मंडळाची पूर्ण प्रक्रिया न करता लैंगिकतेचा उल्लेख वगळलेला नवा दाखला मागण्याची, आणि खालचा दर्जा मिळालेल्यांना जलद पुनर्विलोकनाची सोय तीत आहे. ज्यांना लष्करी न्यायालयाने परस्परसंमतीच्या संबंधांबद्दल लष्करी न्यायसंहितेच्या कलम १२५ खाली दोषी ठरवले होते, त्यांचा मार्ग याहून लांबचा आहे. त्यांना २६ जून २०२४ रोजी राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, परंतु माफीने दाखला आपोआप बदलत नाही. आधी माफीचे प्रमाणपत्र मागायचे, ते मिळाल्यावर मंडळाकडे दर्जा बदलण्यासाठी निराळा अर्ज करायचा, असा दुहेरी क्रम त्यांच्यासाठी ठेवलेला आहे, आणि दोन्ही वेळा पहिले पाऊल त्यांनीच उचलायचे आहे.