तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचे राष्ट्रीय प्रयत्न आणि मुंबई

तरुणांच्या आत्महत्या टाळण्यासाठी भारतात कायदा, आरोग्यसेवा व शिक्षण या क्षेत्रांत सुरू असलेले काम. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता.

सर्वांत मोलाचा बदल कायद्यात झाला. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पोलीस केस होईल या धास्तीने घरचे लोक खरे कारण लपवत आणि मुलाला हवे ते उपचार मिळतच नसत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी, उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम उरले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र आजही गुन्हा आहे. कायदा बदलला तरी घराघरांतली धास्ती अजून पुरती गेलेली नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आले. २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवणे हे त्याचे उद्दिष्ट. त्याच्या महिनाभर आधी ‘टेली-मानस’ (१४४१६) ही फोनवरून मानसिक आधार देणारी चोवीस तासांची मोफत सेवा सुरू झाली. तिथे मराठीतही बोलता येते.

मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा २०१२ पासून आहे. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी चालते. पण चाळीतल्या एका खोलीत पाच माणसे राहत असताना बारावीच्या मुलीने मन मोकळे करायला फोन कुठे जाऊन करायचा? म्हणून या शहरात लेखी संवादाची सोय आणि कॉलेजातला समुपदेशक फार महत्त्वाचा.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता सक्तीचा केला. गुणांवरून शक्यतो बॅचेस पाडू नयेत, असेही बजावले. कोचिंग क्लासही त्यात आले.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. आपुलकीने विचारावे, मध्ये न बोलता ऐकावे. धोका तातडीचा वाटल्यास त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. ११२ वर फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे.