पदवीनंतर वकिली : प्रवेशाआधीच्या सल्ल्यामागचा इतिहास

बी.ए. किंवा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी "लॉ करायचंय" म्हणून मार्गदर्शन कक्षात येतो, तेव्हा पहिला अर्धा तास कायद्याबद्दल बोलणे होतच नाही. टक्के किती पडतील, बारावी कुठून झाली, पदवी नियमित की मुक्त विद्यापीठाची, जातवैधता हातात आली का, सीईटीचा फॉर्म भरला का, हेच चालते. वकिली म्हणजे रोज काय करायचे असते, वाचायची सवय आहे का, लोकांचे भांडण शांतपणे ऐकून घेता येते का, हे प्रश्न मागे राहतात. सल्ला देणाऱ्यांनाही ते खटकते. पण चुकीचा फॉर्म भरला तर मुलाचे एक वर्ष जाते, म्हणून आधी कागद बघावे लागतात.

नेहमी असे नव्हते. एकेकाळी वकिलीच्या वाटेवरची गाळणी शेवटी होती. ती सरकत सरकत सुरुवातीला आली. सल्लाही तिच्यामागून सरकला.

मुंबईत १८५५ पासून कायद्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले, पुण्यात १९२४ पासून. पण जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी काळा कोट घालणारे अनेकजण त्या वर्गांतून आलेले नव्हते. प्लीडरची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या वकिलाची, परीक्षा द्यायची, सनद म्हणजे वकिलीचा परवाना घ्यायचा आणि उभे राहायचे, असा तो मार्ग होता. वर्गात कोण बसला यापेक्षा परीक्षेत कोण टिकला याला महत्त्व होते. त्यामुळे शिकवण्या होत्या त्या त्या परीक्षेसाठी. लोकमान्यांनी १८९० च्या आगेमागे पुण्यात चालवलेला लॉ क्लास याच प्रकारचा. त्या काळी तरुणाला सल्ला मिळे तो ओळखीच्या वकिलाकडून, त्याच्या ओसरीवरच्या ऑफिसात, समोर पक्षकार बसलेले असताना. सल्ला एकाच प्रकारचा असे: येऊन बस, बघ, जमते का ते ठरव.

पुढे कायद्याची पदवी सर्रास झाली तरी प्रवेश अवघड नव्हता. पदवीधराने नाव घालायचे, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा तास करायचे, दिवसा नोकरी किंवा सोबतीला एम.ए. कितीतरी शिक्षक, कारकून, पत्रकार, कार्यकर्ते याच सोयीने एलएल.बी. झाले. त्यातले बरेचसे कोर्टात गेले नाहीत, हेही खरे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने प्लीडर, मुखत्यार, वकील असे जुने वर्ग बंद करून सगळ्यांसाठी एकच सनद ठेवली. वयाबाबत त्या अधिनियमाच्या २४ व्या कलमात एकच आकडा आहे: २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत. वरची मर्यादा नाही. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरला.

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम १९८२ च्या नियमांनी आला. १९८० च्या दशकाअखेर बंगळुरूला पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले, २००८ पासून अशा विद्यापीठांची सामाईक परीक्षा झाली, आणि 'लॉची तयारी' हा शब्द बारावीच्या मुलांना जाऊन चिकटला. क्लास, टेस्ट सिरीज, समुपदेशन, सगळे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद इथे २०१५ ते २०१७ या काळात अशी तीन विद्यापीठे उभी राहिली. पदवीनंतर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला जाणारा विद्यार्थी संख्येने मोठा असूनही या चर्चेत कडेला पडला. राष्ट्रीय परीक्षा फक्त इंग्रजीत असते. २०१६ मध्ये राज्याने स्वतःची विधी सीईटी सुरू केली ती मराठीतही ठेवली, आणि माझ्या मते त्या निर्णयाचे मोल अजून पुरेसे ओळखले गेलेले नाही. त्याआधी प्रत्येक महाविद्यालय पदवीच्या टक्क्यांवर आपापली यादी नोटीस बोर्डावर लावत असे. एका शहरात नंबर लागला नाही तर पोरे एसटीने दुसऱ्या शहरात जाऊन यादी बघून येत.

यातला सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणजे वयाची अट. ती २०१६ मध्ये आली असे अनेकांना वाटते. तिची सुरुवात त्याच्या बरीच आधीची आहे.

१९९३ मध्ये वकिलीच्या नियामक परिषदेने नियम केला की ४५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला नव्याने सनद मिळणार नाही. कारण असे दिले गेले की निवृत्तीनंतर किंवा दुसऱ्या नोकरीतून येणारे लोक जुन्या ओळखी आणि वजन वापरतात, आणि त्याने व्यवसायाची शिस्त बिघडते. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. ४५ नंतर कोणी नव्याने येऊ शकत नाही, पण आधी सनद घेऊन ठेवलेला माणूस दुसरे काहीतरी करून ४५ नंतर परत येऊ शकतो, हा भेद कोणत्या तर्कावर टिकणार? अशा वर्गीकरणाला आधार नव्हता आणि परिषदेला तसा अधिकारही नव्हता.

तेरा वर्षांनी तीच रेषा दुसऱ्या दारावर आखली गेली. २००८ च्या विधी शिक्षण नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टातील २८ व्या कलमाने प्रवेशासाठीच कमाल वय ठरवले: पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २०, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३०, आणि मागास प्रवर्गांना अनुक्रमे २२ आणि ३५. सनद नाकारता येत नाही, तर सनदेपर्यंत नेणारी पदवीच नाकारायची, असा त्याचा परिणाम झाला. त्याच नियमांनी वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घ्यायचे बंधन घातले. दोन्ही अटी एकत्र ठेवून बघा. नोकरी करून शिकणारा तिशीतला माणूस, ज्याच्यावर या राज्यातले कायद्याचे वर्ग अनेक दशके चालले, तो एका फटक्यात बाहेर.

अटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. जागा मोजक्या आहेत. हौसेखातर पदवी घेणारे त्या अडवतात. पूर्णवेळ शिक्षण हवे तर पूर्णवेळ विद्यार्थी हवा. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शाखांचे दाखलेही दिले जात. पण हौशी माणसाला गाळायला हजेरीची अट पुरेशी होती. जन्मतारखेवरून माणसाचा गंभीरपणा कळत नाही.

पुढचा घटनाक्रम असा गुंतला की सल्ला देणाऱ्यांना दरवर्षी वेगळे उत्तर द्यावे लागले. उत्तरेकडील एका उच्च न्यायालयाने ही अट नियामक परिषदेच्या अधिकाराबाहेरची ठरवली. परिषदेने समिती नेमली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये कलम मागे घेतले. २०१५ मध्ये तमिळनाडूतील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने म्हटले की ते मागे घेण्याची रीतच योग्य नव्हती. त्याचा आधार घेऊन १७ सप्टेंबर २०१६ च्या परिपत्रकाने अट पुन्हा लागू झाली, तीही शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यानंतर. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला स्थगिती दिली.

'लागू', 'मागे घेतले', 'पुन्हा लागू', 'स्थगिती' हे चार शब्द ज्या वर्षांत फिरले, त्या वर्षांत माझ्या टेबलासमोर बसलेली माणसे मला आठवतात. एक बाई पतसंस्थेत कारकून होत्या. वय ३४, खुला प्रवर्ग, बी.कॉम. होऊन तेरा वर्षे झालेली. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे क्रमाने लावलेले: दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीची तिन्ही वर्षांची मूळ पत्रे, गॅप सर्टिफिकेटचा स्टॅम्प पेपर. राज्याची पहिलीच सीईटी त्यांनी दिली होती आणि गुण चांगले होते. परिपत्रकाची छापील प्रत त्यांनीच आणली होती. २८ व्या कलमाखाली पेनने रेघ मारलेली होती. "सर, फॉर्म भरला तेव्हा हे नव्हतं ना?" एवढेच त्यांनी विचारले. नव्हते. मी तसे सांगितले, आणि पुढे काय करायचे ते मला सांगता आले नाही. त्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला नाही. स्थगितीनंतर २०१७ ची सीईटी त्यांनी पुन्हा दिली आणि पस्तिसाव्या वर्षी पहिल्या वर्गात जाऊन बसल्या. वादाच्या नोंदींत वर्षे आणि निकाल सापडतात. मधल्या एका वर्षाचा हिशेब कुठे लिहिला जात नाही.

वयाइतका गाजला नाही, पण आजही अधिक मुलांना अडवतो तो शब्द म्हणजे 'मुक्त'. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते की नाही, या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर देणारा माणूस चुकतोच. दहावी, बारावी रीतसर केलेल्या विद्यार्थ्याने पदवी मुक्त विद्यापीठातून घेतली तर अडचण नाही. बारावी न करता, पूर्वतयारी अभ्यासक्रमातून थेट पदवी घेतलेल्याला मात्र २००८ च्या नियमांतील पाचव्या नियमाचे स्पष्टीकरण अपात्र ठरवते. शाळा सुटलेल्या माणसाला शिक्षणात परत आणणे हाच ज्या संस्थांचा हेतू, त्यांच्यातून वर आलेल्यालाच इथे थांबवले जाते. शेतमजुरी करून पदवी घेतलेल्या मुलाला हे समजावून सांगणे फार जड जाते. टक्क्यांचेही तसेच: खुल्या गटाला ४५, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०, आणि ४४.९९ चे ४५ धरत नाहीत.

गाळणी पुढे आली म्हणून मागची निघून गेली असेही झाले नाही. २०१० मध्ये ठरलेली आणि २०११ पासून होणारी वकिलीची अखिल भारतीय बार परीक्षा शिक्षणाच्या शेवटी द्यावी लागते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. म्हणजे प्लीडरची परीक्षा देणाऱ्या पणजोबांना एक परीक्षा होती, पणतीला आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक. सनदेच्या शुल्काबाबत मात्र दिलासा मिळाला. काही राज्यांत ते ४० हजारांच्या पुढे गेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालाने ते कायद्यातल्या मूळ रकमेवर, खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणले. गावाकडच्या मुलींना हा आकडा मी मुद्दाम सांगतो, कारण अनेकींच्या घरी जुना आकडा ऐकूनच बेत मोडलेला असतो.

सर्वांत अलीकडचे वळण २० मे २०२५ चे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आणली. पुन्हा, कारण ती १९९३ मध्ये घातली गेली होती आणि २००२ मध्ये काढली गेली होती. गेल्या वीस वर्षांत लॉकडे वळलेल्या मुलींपैकी कितीजणी 'जेएमएफसी'च्या, म्हणजे याच कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या, आशेने आल्या हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घरचे वकिलीला नाही म्हणत, न्यायाधीशाच्या परीक्षेला हो म्हणत, आणि पदवी होताच अभ्यासाला बसता येत असे. आता मधली तीन वर्षे कोर्टात काढावी लागतील, बहुधा एखाद्या सिनिअरकडे, फारसा पैसा न मिळता. तीन वर्षांची मोजणी बार परीक्षेआधी होणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून होते, म्हणून निकाल लागताच नोंदणी करा, हे सांगणे आता सल्ल्याचा भाग झाले आहे. निर्णयामागचा विचार मला पटतो. कोर्ट न पाहिलेल्या माणसाने कोर्ट चालवू नये. त्या तीन वर्षांत मुलीने भाडे कशातून द्यायचे, याचे उत्तर मात्र कुठल्याच निकालात नाही.

आणि इथे वयाची रेषा पुन्हा येते. राज्यात या पदासाठी वकिलांची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३५, मागास प्रवर्गांना ४०. पदवीनंतर लगेच आलेल्याला २४ पर्यंत एलएल.बी. आणि २७ पर्यंत तीन वर्षांची वकिली जमते. तिसाव्या वर्षी प्रवेश घेणाऱ्याचा हिशेब खुल्या गटात ३६ वर जातो. प्रवेशाच्या दारावरची ३० ची अट स्थगित आहे. ही बेरीज स्थगित होत नाही. म्हणून हल्ली विद्यार्थ्याची जन्मतारीख मी पुन्हा विचारू लागलो आहे. प्रवेशासाठी ती लागत नाही, पण वहीच्या पानावर आम्ही दोघे मिळून वर्षे मांडतो.

पतसंस्थेतल्या त्या बाई २०२० मध्ये पदवीधर झाल्या. न्यायाधीशाची परीक्षा त्यांच्यासाठी नव्हती आणि त्यांना ती द्यायचीही नव्हती. सनद घेऊन त्या तालुक्याच्या कोर्टात उभ्या राहतात, थकीत कर्जाचे आणि जामीनदारांचे दावे बघतात. गेल्या वर्षी त्यांनी एक मुलगी माझ्याकडे पाठवली. सीईटीचा फॉर्म भरण्याआधी तिला आठ दिवस कोर्टातल्या बार रूममध्ये, वकिलांच्या खोलीत, आणून बसवले होते.