पाळणा लांबवण्याचा खर्च कोणाचा?

जळगावच्या माझ्या मावसबहिणीने आरोग्य विमा काढला आणि पॉलिसीचे कागद वाचायला माझ्या हातात दिले. 'काय मिळणार नाही' या यादीत बारीक अक्षरांत एक ओळ होती: कोणत्याही प्रकारचे गर्भनिरोधन, नसबंदी. हे काही एकाच कंपनीचं नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये वगळायच्या खर्चांची ठरावीक भाषा आखून दिली, तिच्यात 17 व्या क्रमांकावर हे कलम आहे. वंध्यत्वाचे उपचारही त्याच कलमात बसवलेत.

अमेरिकेत याच मुद्द्यावर रान पेटलं. 2010 च्या आरोग्य कायद्याखाली, ऑगस्ट 2012 पासून बहुतेक विमा योजनांना गर्भनिरोधक साधनं विनामूल्य देणं भाग पडलं, आणि 2014 मध्ये प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. भार शेवटी सगळ्यांच्याच हप्त्यावर येणार, हा विरोधकांचा एक आक्षेप होता. पण तिथल्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या विम्यात ही सोय 1999 पासूनच होती आणि तेवढ्यासाठी हप्ता वाढवावा लागला नव्हता. एका बाळंतपणाच्या खर्चात गोळ्यांची कितीतरी पाकिटं येतात.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही, कारण खर्च आधीपासून सरकारी तिजोरीतून होत होता. 1921 मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते स्वतःच्या हिमतीवर, आणि त्या कामापायी प्राध्यापकीही गमावली. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी 65 लाख रुपये ठेवले. 1968 मध्ये निरोध आला, 15 पैशांना तीन. उरलेली किंमत सरकार सोसत होतं.

पण पैशाचा मोठा ओघ ऑपरेशनकडे वळला. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, त्यात बहुतेक पुरुष होते. महाराष्ट्राने तर 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. त्यानंतर पुरुष जे मागे सरले ते सरलेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ऑपरेशन झालेल्या विवाहित बायका 37.9 टक्के, आणि पुरुषाची नसबंदी झालेली जोडपी 0.3 टक्के. हा आकडा वाचून मला आजही राग येतो. पुरुषाचं बिनटाक्याचं ऑपरेशन सोपं, तो त्याच दिवशी घरी जातो.

विमा कुटुंब नियोजनात आला तो फार उशिरा, आणि तोही वेगळ्याच वाटेने. ऑपरेशननंतर बायका दगावत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सरकारला फटकारलं, तेव्हा त्याच वर्षी मृत्यू, गुंतागुंत किंवा ऑपरेशन फसणं यांसाठी विमा योजना आली. 2013 पासून ती भरपाई थेट सरकारकडून मिळू लागली. पुढच्याच वर्षी छत्तीसगडच्या बिलासपूरला नसबंदीच्या शिबिरानंतर बायका दगावल्या, आणि 2016 मध्ये न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि छाया या गर्भनिरोधक गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आल्या त्या 2017 मध्ये.

खान्देशात विम्याच्या सरकारी योजना नव्या नाहीत. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यात धुळे होतं. पण तिचा भर दवाखान्यात भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांवर. तांबी बसवायला कोणी भरती होत नाही.

शिवाय, मोफत म्हणजे किती मोफत? चोपडा तालुक्यातली एक वेचणीवाली मला ऑपरेशननंतर भेटली होती. हिवाळ्याचे दिवस, शेतं कापसाने पांढरी झालेली, आणि वेचणीचे पैसे किलोवर. ती खाटेवर कुशीला वळून पडली होती, उशाखाली दवाखान्याचा कागद. सरकारकडून 600 रुपये मिळणार होते. "आठ दिननी मजुरी बुडनी," ती म्हणाली, आणि वर सासूने स्वतःचं काम सोडून पोरं सांभाळली, ते वेगळंच.