यान २७० पट लहान, रंग मात्र तेवढाच जाड

टेबलावर मांडून खेळायच्या अंतराळयुद्धांपैकी एका गाजलेल्या खेळात छोटी लढाऊ यानं १:२७० या प्रमाणात घडवलेली असतात. चिमटीत धरता येणारं साडेचार सेंटीमीटरचं यान म्हणजे कल्पनेतलं बारा मीटरचं. ती कारखान्यातून रंगवूनच येतात, पण मग सगळ्यांच्याच डब्यातून तीच करडी यानं निघतात. आपल्या तुकडीला वेगळा रंग हवा, गर्दीत आपलं यान पटकन ओळखू यावं, म्हणून हौशी खेळाडू ब्रश हातात घेतो. आणि इथे एक मजेदार अडचण उभी राहते. यान २७० पट लहान झालेलं आहे, रंग लहान झालेला नाही.

हिशोब करून पाहा. ब्रशने मारलेला जाडसर हात वाळल्यावर सहज ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा भरतो. २७० ने गुणलं की साडेतेरा मिलिमीटर! खऱ्या यानाला कोणी बोटभर जाडीचं लिंपण करणार नाही. पत्र्यांच्या सांध्यांसारख्या दिसणाऱ्या खाचा जेमतेम ०.२ मिलिमीटर रुंद असतात. खाचेच्या दोन्ही भिंतींवर असा एकेक हात चढला की तिची अर्धी रुंदी संपली, कारखान्याचा रंग तिथे आधीच बसलाय तो वेगळा. उलट बाजूने मोजलं तर आणखी गंमत आहे. मोटारीवरचा रंग सगळे थर धरून ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो. तो २७० पट पातळ केला तर ०.३७ मायक्रॉन येतो. आता पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा एक कणच पाव मायक्रॉनचा असतो, म्हणजे प्रमाणात ‘बरोबर’ बसणारा रंग जेमतेम दीड कण जाडीचा. तो काहीच झाकणार नाही. तडजोड अटळ आहे, ती किती करायची एवढाच प्रश्न.

म्हणूनच रंगवणारे एकमेकांना सतत सांगत असतात, की रंग पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात मारा. हे जमतं त्याचं कारण यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिक रंगाच्या घडणीत आहे. हा रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यासोबत रंगद्रव्य. पाणी उडून जातं तसे प्लॅस्टिकचे कण एकमेकांना भिडतात, दबतात आणि एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. पाणी गेल्यामुळे थर आक्रसतो आणि खाचेच्या तळाशी चिकटून बसतो. शिवाय एकदा जमलेला पापुद्रा पाण्यात पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे वरचा हात खालच्याला उचकटत नाही. अर्थात तो पुरता वाळलेला असेल तरच. अर्धवट जुळलेल्या कणांवरून ब्रश फिरला तर रंग साल सोलल्यासारखा निघून येतो.

जुना रंग काढायचा की त्यावरच रंगवायचं? माझं मत सांगतो. कारखान्याचा थर पातळ असेल तर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा आणि सरळ पुढे जावं. थर जाड असेल, किंवा आधी कुणी तरी रंगवलेलं यान हाती आलं असेल, तर मात्र रंग काढावाच लागतो. त्याआधी यान कशाचं आहे ते ओळखायला हवं. ॲसिटोनने धातूच्या यानाला काही होत नाही, पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचं यान मात्र रंगाबरोबर स्वतःच विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यामानाने सौम्य आहे. ते ॲक्रिलिकच्या पापुद्र्यात शिरून त्याला फुगवतं, पकड सैल झाली की जुन्या टूथब्रशने रंग निघतो, आणि पॉलिस्टायरीनला सहसा इजा होत नाही. हे अल्कोहोल चटकन पेट घेतं, तेव्हा खिडकी उघडी, हातात हातमोजे आणि जवळपास ज्योत नाही हे पाळायचंच. मऊ पीव्हीसीची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला लवचीक ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपून वरचा रंग चिकट करू शकतं. फायदा इतकाच, की वाकलेली तोफेची नळी गरम पाण्यात धरून सरळ केली आणि लगेच गार पाण्यात बुडवली की तशीच राहते.

प्रायमरने, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराच्या हाताने, रंगाची पकड वाढते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं दुसरं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही. बरीच प्लॅस्टिकं किंचित पारभासक असतात. उजेड पृष्ठभागावर न थांबता थोडा आत शिरतो, आतच विखुरतो आणि दुसरीकडून बाहेर येतो. यानाच्या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे २७ सेंटीमीटर, म्हणजे धातूच्या जाड पत्र्यातून उजेड पाझरल्यासारखं दिसतं. डोळ्याला ते लगेच मेणासारखं, खेळण्यासारखं वाटतं. प्रायमरचा अपारदर्शक थर ही गळती बंद करतो.

पिवळा रंग मात्र जाणत्यांनाही छळतो. पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड झाकतं कसं, तर त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) २.७ च्या आसपास आणि भोवतालच्या ॲक्रिलिकचा साधारण १.५ असतो. या मोठ्या फरकामुळे प्रकाश प्रत्येक कणाशी जोरात वळतो आणि खालपर्यंत पोचण्याआधीच माघारी फिरतो. बऱ्याच झगझगीत पिवळ्या आणि लाल सेंद्रिय रंगद्रव्यांत हा फरक फार कमी असतो. प्रकाश आरपार जातो, खालच्या रंगाची छटा घेऊन परततो, आणि काळ्यावर मारलेला पिवळा शेवाळी दिसतो. पिवळे पट्टे हवे असतील तर तेवढ्या जागी आधी पांढरा मारावा.

आता वॉश. गडद रंगाचं पाणी यानावर सोडलं की ते आपणहून खाचांमध्ये जाऊन बसतं, ही या छंदातली सर्वांत देखणी भौतिकी आहे. पाण्यावर गुरुत्वाकर्षण आणि पृष्ठताण दोन्ही ओढ लावतात, आणि त्यांच्या रस्सीखेचीत कोण जिंकणार हे आकारावर ठरतं. पाण्यासाठी ही सीमा सुमारे २.७ मिलिमीटर आहे. त्याहून मोठ्या पसाऱ्यात गुरुत्व चालतं, लहान जागेत पृष्ठताण. यानावरची झाडून सगळी खोदकामं या सीमेच्या आत येतात. म्हणून यान तिरपं धरलं तरी वॉश खाचेतून वर चढतो. भरलेल्या ब्रशचं टोक खाचेला नुसतं टेकवा. एक काळी रेघ सरसर पुढे पळते, दुसऱ्या खाचेच्या नाक्यावर क्षणभर अडते आणि दोन्हीकडे फुटते.

पृष्ठभाग मॅट असेल तर हे बिघडतं. मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत, आणि तो खडबडीतपणा हीसुद्धा खाचांचीच जाळी, त्यामुळे वॉश सगळीकडे पसरून यान मळकट होतं. आधी चकचकीत व्हार्निशचा एक पातळ हात दिला की खऱ्या खाचा तेवढ्या उरतात. शुद्ध पाणी प्लॅस्टिकवर थेंब थेंब होऊन गोळा होतं, म्हणून वॉशमध्ये पृष्ठताण कमी करणारं द्रव्य घातलेलं असतं. सपाट पंखावर थेंब तसाच वाळू दिला तर काठाला गडद कडं उमटतं, कॉफीच्या डागाला असतं तसं. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. थेंबाचा काठ जागीच अडकून राहतो, तिथलं पाणी सर्वांत लवकर उडतं, ते भरून काढायला आतून बाहेर प्रवाह सुरू होतो आणि तो कणांना काठाशी नेऊन टाकतो. केसाळ राक्षस रंगवणाऱ्याला हे कडं लपवता येतं. यानावर सपाट पत्रेच जास्त, तेव्हा वॉश सरसकट न फासता फक्त खाचेत सोडलेला बरा.

खाचा रंगवायच्याच का, सावली आपोआप पडेल की? तशी पडत नाही. पृथ्वीजवळून सूर्य जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून अवकाशात सावलीची कड धारदार असते. टेबलावर अर्ध्या मीटरवर ठेवलेला दहा सेंटीमीटरचा दिवा यानाला अकरा अंशांचा ‘सूर्य’ वाटतो, शिवाय भिंती आणि छत उजेड परत पाठवून सावल्या पुसतात. म्हणून खाचेत काळं आणि कडेला फिकट हे दोन्ही ब्रशनेच आणावं लागतं.

दूरच्या वस्तू हवेमुळे फिक्या दिसतात, म्हणून छोट्या प्रतिकृतीचे रंगही फिके करावेत, असा एक नियम रणगाडे आणि विमानं रंगवणाऱ्यांकडून आला आहे. यानाला तो लावण्यात मला अर्थ दिसत नाही, तिथे हवाच नाही. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना अंतराचा अंदाज घेणं अवघड गेलं त्यामागे हेही एक कारण होतं. गंजाचंही तसंच. गंजायला ऑक्सिजन आणि पाणी लागतं, आणि डाग खाली ओघळायला ‘खाली’ ही दिशा लागते. ग्रहांवर न उतरणाऱ्या यानावर उभे तांबडे ओघळ काढण्यापेक्षा इंजिनाच्या तोंडाशी काजळी आणि उन्हाने विटलेले पट्टे अधिक पटतात. नाही तर रंगच नको! स्पेस शटलची बाहेरची इंधनटाकी १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून नासाने तो रंग देणं सोडलं आणि सुमारे २७० किलो वजन वाचलं. (आकडा तोच आला, हा निव्वळ योगायोग.)

शेवटी व्हार्निश. मॅट व्हार्निशमध्ये चमक मोडण्यासाठी बहुधा सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. दमट हवेत स्प्रे मारला तर द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प जमतं आणि गडद रंगांवर पांढुरकं धुकं चढतं, म्हणून कोरडा दिवस पाहावा. खेळताना यान ज्या कडांना धरून उचललं जातं, तिथे आधी चकचकीत व्हार्निशचा हात द्यावा, कारण तो थर अधिक सलग आणि चिवट असतो. मॅट त्यावरून.